पत्रद्वारा ते मुक्त: साहित्याच्या प्राध्यापकाचं बदललेलं काम

नोकरी सांभाळून शिकणारा विद्यार्थी मुंबईला जुना आहे. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय काढलं आणि सकाळचे वर्ग ठेवले, ते कामावर जाणाऱ्यांना शिकता यावं म्हणून. गिरणगावात रात्रशाळा होत्याच. पण वेळ सकाळची असो की रात्रीची, वर्गात हजर राहावंच लागे. पाळी बदलणारा कामगार आणि घरात तान्हं मूल असलेली बाई यांना त्यातही वाट मिळत नव्हती.

दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा, म्हणजे टपालाने पाठ पाठवून शिकवायचे, अभ्यासक्रम सुरू केले, मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये. कलिन्याच्या विद्यानगरीतल्या या विभागाची नावं पुढे बदलत गेली. लोकांच्या तोंडी मात्र ‘आयडॉल’च (इन्स्टिट्यूट ऑफ डिस्टन्स अँड ओपन लर्निंग) राहिलं. प्रयोगशाळा लागत नसल्यामुळे कला आणि वाणिज्य हे विषय पत्रद्वारा शिकवणं सोपं, असा तेव्हा सार्वत्रिक समज होता. साहित्याच्या बाबतीत तो मला कधीच पटलेला नाही.

कविता शिकवणारा प्राध्यापक आवाजावर बरंच काही निभावून नेतो. ओळ पुन्हा म्हणतो, मध्येच थांबतो, समोरचा चेहरा गोंधळलेला दिसला की दुसऱ्या बाजूने सांगतो. टपालाने जाणाऱ्या पाठात यातलं काहीच नाही. वाचणारा कुठे अडेल हे आधीच ओळखून लिहावं लागतं, तेही त्याला कमी न लेखता. संतकाव्यातला एखादा शब्द, वृत्त, कादंबरीतला निवेदक, प्रत्येक गोष्ट अशा माणसासाठी उलगडायची की ज्याला शंका विचारायला अधूनमधून समोरासमोर भरणाऱ्या संपर्क वर्गाखेरीज कुणी नाही.

या लेखनाला शिस्त आली ती मुक्त विद्यापीठांमुळे. हैदराबादला १९८२ साली, दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) १९८५ साली आणि नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली उभं राहिलं. नाशिकचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे तिथलं ब्रीद, आणि बारावी न झालेल्यांनाही पूर्वतयारी शिक्षणक्रमातून पदवीकडे जाण्याचा रस्ता तिथे ठेवला होता. उद्दिष्टं, विवेचन, स्वयंमूल्यमापनाचे प्रश्न अशी घटकांची, म्हणजे अभ्यासपुस्तिकेतल्या पाठांची, बांधणी मराठी प्राध्यापकांच्या हाती आली. काहींना ती जाचक वाटली. चांगल्या लेखकांनी मात्र त्या चौकटीतच नितळ गद्य लिहिलं.

यात एक धोका होता आणि आजही आहे: विद्यार्थी घटक वाचतो आणि मूळ कादंबरी उघडतच नाही. रविवारच्या संपर्क वर्गात चांगला शिक्षक आधी मूळ पुस्तकाचं पान वाचायला लावतो, ते यासाठी. त्या वर्गात वीस वर्षांच्या मुलाशेजारी पन्नाशीतल्या बाई बसलेल्या असतात, आणि कथेतल्या संसाराबद्दल त्या जे बोलतात ते ऐकून प्राध्यापकाचाही अर्थ बदलतो.

नंतरचा काळ नियमांचा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१७ आणि २०२० मध्ये दूरस्थ शिक्षणासाठी नियमावली आणली. मान्यताप्राप्त दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष असल्याचं २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. पदवीला मान मिळाला, तसा घटकलेखनाला अजून मिळालेला नाही. पन्नास वर्षांत या पुस्तिकांमधून मराठी साहित्याचं जे विवेचन झालं, ते असंख्य घरांत पोचलं. मराठी समीक्षेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी या पुस्तिका मिळवून वाचायला हव्यात, आणि ग्रंथालयांनी त्या क्रमिक पुस्तकांच्या रद्दीत जाऊ न देता जपायला हव्यात.