कोर्टात गीतेवर हात ठेवावा लागतो?

"कोर्टात साक्षीदाराला गीतेवर हात ठेवूनच शपथ घ्यावी लागते, मुसलमान असेल तर कुराणावर." हे वर्षानुवर्षं फिरतंय आणि पिक्चरमध्ये तेच बघत मोठे झालो आपण, त्यामुळे खरं वाटणारच, मलाही वाटायचं.

पण कायदा बघा. शपथ अधिनियम, १९६९. त्यात कुठल्याच ग्रंथाचं नाव नाही. साक्षीदार ईश्वराच्या नावाने शपथ घेतो, किंवा देव मानत नसेल तर 'गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो' म्हणतो, दोन्हीचं वजन सारखंच. आणि ग्रंथ किंवा गंगाजल हातात घेऊन शपथ घ्यायची पद्धत तर इंग्रजांनीच १८४० च्या कायद्याने हिंदू-मुसलमानांसाठी बंद केली होती, म्हणजे बघा किती जुनी गोष्ट.

मग खोटं बोललं तर? पाप लागेल की नाही ते ज्याचं त्याने बघावं, पण भारतीय न्याय संहितेच्या कलम २२९ खाली सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आस्तिक असो की नास्तिक. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथ म्हणजे काय ते कळत नसेल पण खरं बोलायचं एवढं कळत असेल, तर त्याची साक्ष शपथेशिवायही चालते.

खात्री करायचीय? कायदा ऑनलाइन फुकट आहे, दोन-तीन पानांचाच, कलम ४ ते ६ वाचा. नाहीतर तालुक्याच्या कोर्टात मागच्या बाकावर तासभर बसा, बहुतेक सुनावण्या खुल्याच असतात.