हेडवे

हेडवे म्हणजे एकाच रुळावरून एकाच दिशेने जाणाऱ्या दोन गाड्यांमधलं वेळेचं अंतर. हे मिनिटांत किंवा सेकंदांत मोजतात आणि तासाला किती गाड्या असं उलटंही सांगतात, म्हणजे ५ मिनिटांचा हेडवे असेल तर तासाला १२ गाड्या आणि ९० सेकंदांचा असेल तर ४०. मेट्रोबद्दल लोक बाकी सगळं विचारतात, डबे किती, एसी कसा, कमाल वेग किती, पण शहरातल्या रेल्वेची खरी लायकी या एका आकड्यात कळते आणि नेमका तोच कुणी विचारत नाही.

इंदूरची मेट्रो ३१ मे २०२५ ला, अहिल्याबाईंच्या तीनशेव्या जयंतीच्या दिवशी सुरू झाली. गांधीनगर ते सुपर कॉरिडॉर ३ एवढाच साधारण ६ किलोमीटरचा तुकडा, ५ स्टेशनं. पहिला आठवडा तिकीट नव्हतं तेव्हा रामबाग, नारायणबाग या इंदूरच्या मराठी वस्त्यांपासून सगळी मंडळी आजी-नातवंडांसकट जाऊन बसून आली, फोटो झाले, मग गर्दी ओसरली, आणि त्यात नवल काही नाही कारण सुपर कॉरिडॉर या शहराच्या कडेच्या रुंद रस्त्यावर अजून वस्तीच विरळ आहे आणि सुरुवातीच्या वेळापत्रकात अर्ध्या तासाला एक गाडी होती. अर्ध्या तासाला एक असेल तर माणूस घड्याळ बघून घरातून निघतो, म्हणजे ती वागायला पॅसेंजर गाडीसारखी झाली. वेळापत्रक न बघता स्टेशनवर जाता येणं ही मेट्रोची ओळख, आणि ते साधारण १० मिनिटांच्या आतल्या हेडवेला जमतं, असं सगळीकडचे प्लॅनिंगवाले धरून चालतात.

वेग की वाट

इथे थोडा हिशोब करू. दोन स्टेशनांमध्ये १ किलोमीटर अंतर आहे आणि गाडी सेकंदाला १ मीटर प्रति सेकंद या दराने वेग घेते आणि तसाच कमी करते असं धरा (मेट्रोला हे साधारण बरोबर आहे). कमाल वेग ताशी ८० ठेवला तर हे अंतर ६७ सेकंदांत कापलं जातं, ताशी ६० ठेवला तर ७७ सेकंदांत. फरक फक्त १० सेकंदांचा, कारण गाडी वेग पकडते न पकडते तोच ब्रेक लावायची वेळ येते. म्हणजे ५ स्टेशनांच्या अख्ख्या लाइनवर एक मिनिटसुद्धा वाचत नाही. आता हेडवे ३० मिनिटांवरून १० वर आणा, न बघता आलेल्या माणसाची वाट बघण्याची सरासरी वेळ १५ मिनिटांवरून ५ वर येते, म्हणजे १० मिनिटं सरळ वाचली. तरी बातमीत येतो तो वेगच.

गाड्या किती लागतील तेही हेडवेच ठरवतो. एक पूर्ण फेरी मारून परत तिथेच यायला लागणारा वेळ भागिले हेडवे, झाल्या तितक्या गाड्या. या पहिल्या तुकड्यावर जाणं-येणं आणि दोन्ही टोकांचं थांबणं मिळून समजा अर्धा तास लागला, तर ३० मिनिटांचा हेडवे एकाच गाडीत भागतो, ५ मिनिटांचा हवा असेल तर ६ गाड्या फिरवायला लागतात. आणि ६ गाड्या म्हणजे ६ चालक एका वेळी ड्यूटीवर, वीज, देखभाल, सगळं सहापट. म्हणून गर्दी नाही म्हणून गाड्या कमी आणि गाड्या कमी म्हणून गर्दी नाही हे चक्र सुरू होतं, ते नव्या लाइनींना कुठेही चुकत नाही.

कशाने ठरतो

जुन्या पद्धतीत रुळाचे ठरावीक लांबीचे ब्लॉक पाडलेले असतात आणि एका ब्लॉकमध्ये एकच गाडी, ती बाहेर पडेपर्यंत मागच्या गाडीने उंबऱ्याबाहेर थांबायचं. ब्लॉक लांब असेल तर पुढची गाडी ब्लॉकच्या पार पलीकडच्या टोकाला पोचली असली तरी मागची उगाच लाल सिग्नलला उभी. इंदूरला जी सीबीटीसी सिग्नल यंत्रणा आहे तिच्यात गाडी आपण नेमके कुठे आहोत ते रेडिओवरून सतत कळवत राहते, आणि मागच्या गाडीला फक्त आपल्या ब्रेकच्या अंतरापुरतं आणि वर थोडं जास्त इतकंच मागे राहावं लागतं, ठरावीक ब्लॉकची गरजच उरत नाही. सिग्नलिंग आणि गाड्या दोन्ही अल्स्टॉम या फ्रेंच कंपनीच्या, डबे आपल्या बडोद्याजवळच्या सावली गावी बनलेले, ३ डब्यांची एक गाडी.

पण सिग्नल कितीही भारी आणले तरी घोडं अडतं फलाटावर. ९० सेकंदांच्या हेडवेत समजा ३० सेकंद दारं उघडी राहिली, तर उरलेल्या ६० सेकंदांत आधीच्या गाडीने फलाट पूर्ण सोडून जायला हवं आणि मागचीने येऊन थांबायला हवं. यात कुणी दारात पाय अडकवून मित्राला हाक मारत बसलं की १० सेकंद गेले, आणि ते १० सेकंद मागच्या प्रत्येक गाडीला लागतात. म्हणून मोठ्या मेट्रोंमध्ये दारं रुंद आणि जास्त असतात, सीटा भिंतीला लावून मधे उभं राहायला जागा सोडतात, लोक त्यावर बसायला जागाच नाही म्हणून कुरकुरतात पण चढणं-उतरणं पटकन होतं ते त्यामुळेच.

विजेचाही वाटा आहे. इंदूर मेट्रोला वर तारा नाहीत, रुळाच्या बाजूला तिसरा रूळ आहे त्यातून ७५० व्होल्ट डीसी येते, कोलकात्याला १९८४ पासून हेच आहे. दिल्लीला वरच्या तारेतून २५,००० व्होल्ट एसी. व्होल्टेज कमी म्हणजे तेवढ्याच ताकदीला करंट कितीतरी जास्त, म्हणून सबस्टेशनं जवळजवळ लागतात, आणि एका टप्प्यात एकदम किती गाड्यांनी वेग घ्यायचा यालाही मर्यादा येते. म्हणजे पुढे कधी हेडवे कमी करायचा झाला तर नुसत्या गाड्या विकत घेऊन भागत नाही.

टोकाला गाडी उलटवणं

हे मला सगळ्यात आवडतं. शेवटच्या स्टेशनवर गाडी उलट दिशेला लागायची म्हणजे सांधे बदलून दुसऱ्या रुळावर जायला हवं, आणि सांध्यावरून गाडी हळू जाते. वर चालकाला एका टोकाच्या केबिनमधून उतरून चालत दुसऱ्या टोकाला जायचं असतं. सगळ्या लाइनीचा हेडवे इथे अडकतो. लंडनची व्हिक्टोरिया लाइन मे २०१७ पासून गर्दीच्या वेळी तासाला ३६ गाड्या चालवते, म्हणजे १०० सेकंदांचा हेडवे, आणि ते जमावं म्हणून ऑगस्ट २०१५ मध्ये वॉल्थमस्टो सेंट्रलकडचा भाग काही आठवडे बंद ठेवून टोकाचे सांधे बदलले, गाड्यांना त्यावरून जास्त वेगाने जाता यावं एवढ्यासाठी. चालकाच्या चालण्यावर तोडगा असा की गाडी येते तेव्हा मागच्या टोकाला दुसरा चालक आधीच उभा असतो, तो चढतो आणि गाडी निघते, आलेला चालक निवांत चालत जाऊन पुढची गाडी घेतो.

दुसरा उपाय म्हणजे गाडी उलटवायचीच नाही, गोल फिरवून आणायची. न्यूयॉर्कला १९०४ मध्ये उघडलेलं सिटी हॉल स्टेशन अशाच गोल वळणावर होतं, फार सुंदर, कमानी आणि टाइल्सवालं, पण वळणामुळे फलाट आणि दारात फट पडायची, १९४५ च्या अखेरीस ते प्रवाशांसाठी बंद झालं. सहा नंबरची गाडी मात्र अजूनही त्याच वळणावरून फिरून परत जाते.

रिंग असेल तर

इंदूरची पूर्ण यलो लाइन (आधी सांगितलेला तुकडा तिचाच) रिंग आहे, साधारण ३१ किलोमीटर, सुपर कॉरिडॉर, विजयनगर, रेल्वे स्टेशन, राजवाडा, बडा गणपती, एअरपोर्ट आणि परत गांधीनगर, त्यात मूळ आराखड्यात रेल्वे स्टेशनपासून एअरपोर्टपर्यंतचा भाग जमिनीखालून. (राजेंद्रनगर-लोकमान्यनगरकडे ही रिंग येत नाही, तिकडच्या मराठी मंडळींनी महूची रेल्वेगाडी धरावी.) पूर्ण झाल्यावर थांबे धरून सरासरी ताशी ३३ चा वेग मिळाला तर एक चक्कर साधारण ५६ मिनिटांची. ५ मिनिटांचा हेडवे म्हणजे एका दिशेला १२ आणि दोन्ही मिळून २४ गाड्या. इंदूरसाठी ऑर्डर आहे २५ गाड्यांची. देखभालीला काही उभ्या ठेवाव्या लागणारच, म्हणून ६ मिनिटं आणि २० गाड्या हे जास्त पटतं.

रिंगमध्ये टोक नाही, सांधे बदलण्याची कटकट नाही, ऐकायला छान वाटतं. पण टोकाचा एक मोठा उपयोग असतो, गाडी २ मिनिटं उशिरा आली तर टोकावरच्या थांब्यात ते २ मिनिटं गिळता येतात आणि परत वेळेवर सुटता येतं. रिंगमध्ये उशीर फिरतच राहतो. लंडनची सर्कल लाइन वर्षानुवर्षं पूर्ण गोल चालत होती, डिसेंबर २००९ मध्ये गोल तोडून तिला एका बाजूला शेपूट जोडलं आणि दोन टोकं दिली, मुख्य कारण हेच. मॉस्कोची रिंग १९५४ पासून पूर्ण आहे आणि अजून गोलच फिरते, तेव्हा अशक्य असं काही नाही, शिस्त मात्र जबर लागते. आणि ग्लासगोची १८९६ ची रिंग तर अजबच, तिथे कारशेडकडे जायला सांधाच नव्हता, डबे क्रेनने उचलून खाली रुळावर ठेवायचे, हे १९७७ पर्यंत चाललं होतं.

रिंग नसून फाटे असले तर वेगळंच. दिल्लीची ब्लू लाइन यमुना बँकला फुटते, एक नोएडाकडे आणि एक वैशालीकडे, म्हणजे मधल्या भागात जेवढ्या गाड्या तेवढ्या दोन फाट्यांत वाटल्या जातात, फाट्यावरच्या माणसाची वाट बघण्याची वेळ वाढते.

गाड्यांची जोडी लागणं

कागदावर ५ मिनिटं आणि फलाटावर ५ मिनिटं यात फरक पडतो. एक गाडी थोडी लेट झाली की तेवढ्या वेळात फलाटावर जास्त माणसं जमतात, ती चढायला वेळ लागतो, गाडी आणखी लेट, पुढच्या स्टेशनवर अजून जास्त माणसं. मागच्या गाडीला मात्र कमी माणसं मिळतात, ती भराभर येऊन पुढचीला चिकटते. दादरला फलाटावर 'सोडा हो, मागून रिकामी येतेय' म्हणतात ते याचमुळे खरं ठरतं, आणि इंदूरच्या एबी रोडवर आय-बस या शहर सेवेच्या दोन बसा एकामागोमाग आलेल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना हे वेगळं सांगायला नको.

समजा सरासरी ५ मिनिटंच आहे पण गाड्या एकदा २ आणि एकदा ८ मिनिटांनी येतात. वाट बघण्याची सरासरी अडीच मिनिटं नाही राहत, ३ मिनिटं २४ सेकंद होते, कारण जास्त लोक त्या ८ मिनिटांच्या खिंडारातच येऊन उभे राहतात. उपाय एकच, पुढची गाडी लेट असेल तर मागचीला मुद्दाम स्टेशनवर थोडं रोखून धरायचं. आतल्या लोकांना वाटतं उगाच थांबवली, शिव्या घालतात, कंट्रोल रूममधला माणूस त्या वेळी बरोबर काम करत असतो. मॉस्कोला बोगद्याच्या तोंडावर घड्याळ असतं, आधीची गाडी सुटून किती मिनिटं-सेकंद झाले ते त्यावर दिसतं, चालकाला लगेच कळतं आपण चिकटलोय की मागे पडलोय. गर्दीच्या वेळी तिथल्या मुख्य लाइनींवर ९० सेकंदांच्या आसपास हेडवे असतो.

मोजायचा कसा

मोबाइलचं स्टॉपवॉच पुरतं. फलाटाच्या एका टोकाला उभं राहायचं आणि एका गाडीची दारं बंद झाली की सुरू करायचं, पुढच्या गाडीची दारं बंद झाली की थांबवायचं. पुष्कळ जण पुढची गाडी आली की थांबवतात, ते चूक, ते दोन गाड्यांमधलं रिकामं अंतर झालं आणि त्यात दारं उघडी असण्याची वेळ धरली जात नाही. एकाच घटनेपासून त्याच घटनेपर्यंत मोजलं पाहिजे. एका नोंदीवर भरवसा ठेवू नये, ओळीने दहा-बारा गाड्या मोजाव्या आणि सरासरीबरोबर सगळ्यात मोठं अंतर किती तेही लिहावं. सुपर कॉरिडॉरवर अर्ध्या तासाला एक अशा दहा गाड्या मोजायच्या तर डबा घेऊन जा.