परत कुठे जाणार? परदेशात राहून तिसऱ्याच देशाचा टुरिस्ट व्हिसा काढण्यामागची गोष्ट

पासपोर्ट भारताचा, भाड्याचं घर इंग्लंडात आणि जायचंय आठ दिवस युरोपात फिरायला. मग व्हिसा कुठून काढायचा, मुंबईतून की इथूनच? आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर हा प्रश्न दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये येतोच आणि दरवेळी चार जण चार उत्तरं देतात. नियमाचं उत्तर तसं एका ओळीचं आहे, जिथे कायदेशीर राहता तिथून काढा. पण बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा, ऑफिसचं रजेचं पत्र हे सगळं बाड ज्या एका प्रश्नासाठी मागतात, "तुम्ही परत जाणार ना?", त्याच्या मागे गेलं की गोष्ट पार शंभर वर्षांमागे जाते. आणि गंमत म्हणजे "परत" म्हणजे नेमकं कुठे, याचं उत्तर मधल्या काळात दोन-तीनदा बदललंय.

कॅनडापासून सुरू करू. १९०८ साली तिथल्या सरकारने नियम काढला की येणारा माणूस त्याच्या जन्माच्या किंवा नागरिकत्वाच्या देशातून, वाटेत न थांबता, तिथूनच काढलेल्या थेट तिकिटावर आला पाहिजे. कागदावर भारताचं नाव कुठेच नाही. पण कलकत्त्याहून थेट जाणारी जी बोट सर्व्हिस होती तिला तिकिटं विकू नका असं सांगून टाकलं, की झालं काम. हाँगकाँग, शांघायमध्ये पोलीस आणि पहारेकरी म्हणून नोकरी करणारे बरेच पंजाबी होते, त्यांची तर दोन्हीकडून कोंडी, राहतात तिथून निघावं तर नियमात बसत नाही आणि देशातून निघावं तर बोट नाही. ह्यालाच आव्हान द्यायला गुरदित सिंग यांनी कोमागाता मारू ही जपानी बोट भाड्याने घेतली. हाँगकाँगहून निघून शांघाय, मोजी, योकोहामा करत ३७६ प्रवासी घेऊन ती २३ मे १९१४ ला व्हँकुव्हरला पोचली. दोन महिने बंदरात उभी होती, मोजके लोक सोडले तर कुणाला खाली उतरू दिलं नाही, २३ जुलैला परत पाठवली आणि सप्टेंबरमध्ये कलकत्त्याजवळ बजबजला उतरल्यावर गोळीबारात माणसं मेली. हे सगळे ब्रिटिश साम्राज्याचेच प्रजाजन बरं का. ह्या सगळ्यात टुरिस्ट कुणीच नव्हतं आणि व्हिसा हा शब्दही नव्हता, पण "राहतोस तिथून नाही, जिथला आहेस तिथून ये" हे सरकारी वाक्य मला तरी इथे पहिल्यांदा इतकं उघड दिसतं.

पासपोर्टची सक्ती पहिल्या महायुद्धात आली आणि युद्ध संपल्यावरही गेली नाही. १९२० मध्ये पॅरिसला लीग ऑफ नेशन्सची पासपोर्ट परिषद झाली, तिथे ३२ पानांच्या पुस्तिकेचा नमुना ठरला, आणि त्याच वर्षी आपल्याकडे इंडियन पासपोर्ट अॅक्ट आला. तेव्हा बोलणं असं होतं की हे सगळं तात्पुरतं आहे. असो.

आता एकदम १९८६ वर येतो, कारण इंग्लंडात राहणाऱ्या भारतीयांच्या दृष्टीने ते वर्ष मोठं. त्याआधी भारतीय माणूस लंडनला फिरायला व्हिसाशिवाय जाऊ शकत होता. माझे मामा ऐंशीच्या सुमारास असेच गेले होते. हीथ्रोवर ऑफिसरने विचारलं किती दिवस, कुणाकडे, परतीचं तिकीट दाखवा, आणि शिक्का मारला. म्हणजे प्रश्न तेव्हाही तोच, फक्त विमानातून उतरल्यावर विचारायचे आणि उत्तर पटलं नाही तर तिथूनच परत. १९८६ मध्ये ब्रिटनने भारत, पाकिस्तान, बांगलादेश, घाना आणि नायजेरिया ह्या पाच देशांना व्हिसा सक्तीचा केला, आणि तारीख लागू व्हायच्या आत पोचायचं म्हणून ऑक्टोबरमध्ये हीथ्रोवर ही झुंबड उडाली. त्याच सप्टेंबरमध्ये पॅरिसच्या बॉम्बस्फोटांनंतर फ्रान्सने युरोपियन कम्युनिटी (आजच्या युरोपियन युनियनचं आधीचं रूप) आणि स्वित्झर्लंड सोडून जवळपास सगळ्या जगाला व्हिसा लावला. मला हे वर्ष महत्त्वाचं वाटतं ते अशासाठी की तेव्हापासून "परत जाणार ना" हा प्रश्न विमानतळावरून उठून वकिलातीत गेला, म्हणजे निघायच्या आधी. आणि वकिलातीत गेला म्हटल्यावर पुढचा प्रश्न आलाच, कुठल्या शहरातल्या वकिलातीत?

ह्याचं नीट लिहिलेलं उत्तर शेंगेनने, म्हणजे आपापसातल्या सीमेवरच्या तपासण्या उठवून एकच व्हिसा देणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाने दिलं, पण सावकाश. १४ जून १९८५ ला लक्झेंबर्गमधल्या शेंगेन नावाच्या गावापाशी, मोझेल नदीत उभ्या केलेल्या बोटीवर पाच देशांनी करारावर सह्या केल्या. प्रत्यक्ष तपासण्या उठल्या २६ मार्च १९९५ ला, सात देशांत. त्याआधी युरोप टूर करायची तर फ्रान्सचा वेगळा, जर्मनीचा वेगळा, इटलीचा वेगळा, अशी व्हिसाची माळ. आता एका स्टिकरवर २९ देश होतात. ब्रिटन त्यात कधीच नव्हतं, त्यामुळे इथल्या भारतीयाला समुद्रापलीकडचं फ्रान्समधलं कॅले डोव्हरहून बोटीने दीड तासावर असलं तरी व्हिसा लागतोच.

वकिलात कुठली हे ठरवणारा नियम म्हणजे युरोपियन युनियनचा २००९ चा व्हिसा कोड, तो एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या सहाव्या कलमात आपल्या कामाचं सगळं आहे. पहिला भाग सांगतो की अर्ज तिथे करा जिथे तुम्ही कायदेशीर राहता. नागरिक कुठले हे त्यात विचारलेलं नाही, म्हणजे १९०८ च्या बरोब्बर उलट. दुसरा भाग म्हणतो की तुम्ही तिथे राहत नाही, फक्त कायदेशीरपणे आलेले आहात, तर इथूनच अर्ज का करताय याचं पटेल असं कारण द्या. राहणं वेगळं आणि असणं वेगळं. मराठीत आपण सरसकट म्हणतो "आई-बाबा सध्या आमच्याकडे राहताहेत", पण ते व्हिजिट व्हिसावर सहा महिन्यांसाठी आलेले असतात, म्हणजे कलमाच्या भाषेत ते फक्त "आहेत". म्हणून आई-बाबांना इथून पॅरिस दाखवायचं ठरवलं की "त्यांचा अर्ज भारतातून करा" हे ऐकायला मिळतं. अनुभवी लोक निघायच्या आधी मुंबईतच दोन्ही व्हिसे काढून ठेवतात, तेच बरं. आयत्या वेळी तिकिटं काढून बसलेली दोन कुटुंबं तरी मला माहितीयेत.

शेंगेनच्या फॉर्मवर एक छोटा रकाना आहे. सध्याच्या नागरिकत्वाच्या देशाव्यतिरिक्त दुसऱ्या देशात राहता का, हो असेल तर परवान्याचा नंबर आणि कधीपर्यंत वैध. आपल्यासारख्यांचा सगळा अर्ज ह्या रकान्यावर उभा असतो, कारण तुम्ही परत जाणार ते भारतात नाही, तर हा परवाना जिथला आहे तिथे. म्हणून परतीच्या तारखेनंतरही परवाना साधारण तीन महिने तरी उरलेला हवा असं बहुतेक वकिलाती सांगतात. इथेच माझी फजिती झाली. ब्रिटनची जुनी प्लॅस्टिकची कार्डं बहुतेक सगळी ३१ डिसेंबर २०२४ ला संपली आणि त्यानंतर सगळं ऑनलाइन, ई-व्हिसा. मी गेलो काउंटरवर ऐटीत, बाईंनी विचारलं परवाना, मी फोन दाखवला. त्या म्हणाल्या प्रिंट हवी, आणि शेअर कोडसकट (दुसऱ्याला आपला ई-व्हिसा ऑनलाइन तपासता यावा म्हणून काढायचा कोड) हवी. कोपऱ्यात मशीन होतं तिथे एका पानाला एक पौंड घेतला, प्रिंट अर्धवट आली, परत एक पौंड. दुबईवाल्या मित्राला सांगितलं तर तो हसला, त्यांच्याकडे २०२२ मध्येच पासपोर्टवरचं रेसिडेन्सचं स्टिकर गेलं, आता एमिरेट्स आयडी, आणि वर कंपनीची एनओसी असतेच.

हे काउंटर म्हणजे वकिलात नाही हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. कागद गोळा करणारी ही खाजगी सेंटरं आपल्या मुंबईतच जन्मली, २००१ साली, अमेरिकन कॉन्सुलेटच्या कामासाठी. त्याआधी ब्रीच कँडीला लिंकन हाऊसबाहेर, म्हणजे तेव्हाच्या अमेरिकन कॉन्सुलेटबाहेर, पहाटेपासून रांगा लागायच्या. आज तेच मॉडेल जगभर गेलंय, निर्णय वकिलातीचा आणि फोटो, बोटांचे ठसे, फी सेंटरमध्ये. ठसे ५९ महिने चालतात, ती एक सोय. फी मात्र ६० युरोची २०२० मध्ये ८० झाली आणि जून २०२४ पासून ९०, सेंटरचा चार्ज वेगळा.

अमेरिकेची गाडी उलट्या दिशेने गेलीय. तिथे नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना पूर्वी देशाबाहेर न जाताच नवा शिक्का मिळायचा, ते जुलै २००४ मध्ये बंद झालं. मग लोक कॅनडा-मेक्सिकोला जाऊन स्टॅम्पिंग करू लागले. कोविडनंतर भारतात टुरिस्ट व्हिसाच्या इंटरव्ह्यूचं वेटिंग काही ठिकाणी दोन वर्षांच्या वर गेलं, तेव्हा २०२३ मध्ये खुद्द अमेरिकन दूतावासानेच सांगितलं की बँकॉकला जाणार असाल तर तिथे अपॉइंटमेंट घ्या. लोकांनी घेतल्या, व्हिसाबरोबर पटाया पण झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये ते दार बंद, आता टुरिस्ट व्हिसासकट सगळे तात्पुरते व्हिसे नागरिकत्वाच्या देशात किंवा जिथे राहता तिथेच. म्हणजे इंग्लंडातल्या आमच्यासारख्यांना लंडन चालतं, पण पुण्याहून बँकॉकला आठवडाभर गेलेल्याला नाही.

बाहेर राहण्याचे फायदेही आहेत, नाही असं नाही. ब्रिटनचं ते प्लॅस्टिकचं कार्ड होतं तेव्हा तुर्कस्तानचा ई-व्हिसा भारतीय पासपोर्टवर घरबसल्या निघायचा, आखातात राहणारे आपले लोक जॉर्जियाला व्हिसाशिवाय जातात. आणि ज्यांच्या घरात १९६१ आधी गोव्यात जन्मलेले आजी-आजोबा आहेत त्यातले काही जण पोर्तुगीज पासपोर्ट काढून ह्या सगळ्या भानगडीतूनच सुटलेत.

एक गोष्ट मात्र मला अजून खुपते. एप्रिल २०२४ मध्ये युरोपियन युनियनने भारतीयांसाठी सवलत काढली, गेल्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील तर तिसऱ्यांदा दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री, आणि पुढे पाच वर्षांचा. आमच्या ग्रुपवर पेढे वाटायचं बाकी होतं. मग कुणीतरी मूळ मजकूर वाचला, तर ती सवलत भारतात राहणाऱ्या आणि भारतातून अर्ज करणाऱ्या भारतीयांसाठी होती. आम्ही आपले सर्वसाधारण नियमात, दोन वर्षांत तीन व्हिसे नीट वापरले तर एक वर्षाचा. पासपोर्ट तोच, प्रवासही तेवढाच. माझ्या मामेभावाला पुण्यात राहून दोन वर्षांचा मिळाला, मला त्या प्रिंटांचे दोन पौंड धरून आठ दिवसांचा, सिंगल एंट्री.