शॉर्ट टर्म मेमरी लॉस? नाही हो!

चष्मा सापडेना, लग्नाचा वाढदिवस विसरला, काल डब्यात काय होतं ते आठवेना, की लगेच 'मला शॉर्ट टर्म मेमरी लॉस झालाय' म्हणायची फॅशन आहे. पंधरा मिनिटांत सगळं विसरणाऱ्या सिनेमातल्या नायकाने हे नाव घरोघर पोचवलं, आणि तेही चुकीच्या आजाराला चिकटवून. मानसशास्त्रात ज्याला अल्पकालीन स्मृती म्हणतात तिचा मामला सेकंदांचा असतो. कालचा डबा दीर्घकालीन स्मृतीच्या खात्यात जातो.

अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून 1953 साली मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, हिप्पोकॅम्पस (नव्या आठवणी पक्क्या करणारा भाग) आणि त्याच्या आसपासचा भाग काढला. त्यानंतर नवं काही त्याच्या डोक्यात राहीना. पण पाच-सहा आकडे ऐकवून लगेच म्हणायला सांगितले, तर तो तुमच्या-आमच्यासारखेच म्हणून दाखवी. एकदा त्याने 584 ही संख्या पंधरा मिनिटं धरून ठेवली. युक्ती अशी: 8 लक्षात ठेवायचा, तिन्ही अंकांची बेरीज 17, त्यातून 8 गेले की 9, आणि 9 चे तुकडे 5 आणि 4. लक्ष दुसरीकडे वळल्यावर मिनिटभरात संख्याही गेली, युक्तीही गेली. त्याची अल्पकालीन स्मृती शाबूतच होती, तिथून पुढे काही मुरत नव्हतं.

या स्मृतीत मावतं किती? मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1956 मध्ये सात गोष्टी, दोन इकडे-तिकडे, असं मांडलं. नेल्सन कोवन यांच्या 2001 च्या हिशेबाने चारच गठ्ठे, म्हणजे एकत्र बांधून लक्षात ठेवलेल्या गोष्टी. ही मर्यादा ॲपवर खेळ खेळून वाढते असं सांगणारे बरेच आहेत. खेळाडू त्या खेळात पटाईत होतो, बाकी फारसं काही होत नाही. अशाच दाव्यांवरून 2016 मध्ये एका अमेरिकी कंपनीला 20 लाख डॉलर मोजावे लागले. आपल्याकडच्या बुद्धिवर्धक सरबतांना असा हिशेब कोण विचारणार?

पण मला खरी मौज वाटते ती आतल्या पुटपुटण्याची. मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच यांनी 1974 मध्ये या स्मृतीचे वेगवेगळे भाग कल्पिले. त्यातला एक फोनॉलॉजिकल लूप, म्हणजे आवाज घोळवत ठेवणारा भाग. ऐकलेल्या शब्दांचा ठसा दोनेक सेकंदांत विरतो, म्हणून आपण ते मनातल्या मनात घोकत राहतो. दोन सेकंदांत जेवढं म्हणून होतं तेवढंच टिकतं. करून बघा: चहा, मीठ, गूळ, तूप, रवा. एकदा वाचून मान वळवा आणि म्हणा. आता साबुदाणा, शेंगदाणे, कोथिंबीर, वेलदोडे, काळा मसाला. जिनसा पाचच, पण दुसरी यादी अडखळते. मग दोन्ही याद्या मोठ्याने 'राम राम राम' म्हणत वाचा. जीभ गुंतली की घोकणं बंद पडतं आणि आखूड शब्दांचा फायदाही संपतो. वेल्श भाषेत अंक उच्चारायला इंग्रजीपेक्षा जास्त वेळ लागतो. दोन्ही भाषा येणाऱ्यांना वेल्शमध्ये कमी अंक लक्षात राहतात असं 1980 मध्ये दिसलं. तोंड गुंतवल्यावर तोही फरक मिटला.

अक्षरं डोळ्यांनी वाचली तरी साठवण आवाजाचीच होते. आर. कॉनराड यांनी 1964 मध्ये लोकांना इंग्रजी अक्षरं नुसती दाखवली, तर चुका झाल्या त्या सारख्या आवाजांच्या: व्हीच्या जागी बी नाहीतर पी.

हा लूप खरोखरच निकामी झाला तर? इटलीतल्या पी. व्ही. या रुग्ण बाईंना ऐकलेले दोनच आकडे जेमतेम परत म्हणता येत. तरी साधं बोलणं त्यांना कळे, आणि ओळखीच्या इटालियन शब्दांच्या जोड्याही इतरांइतक्याच पाठ होत. मग संशोधकांनी त्यांना रशियन शब्द ऐकवून शिकवायला घेतले. पुन्हापुन्हा ऐकवूनही एकही शब्द बसला नाही. बॅडली यांच्या मते लूपचं मूळ काम हेच असावं: अनोळखी शब्दाचा आवाज तो मनात रुजेपर्यंत धरून ठेवणं. लहान मूल भाषा शिकतं तेव्हा प्रत्येक शब्द त्याला अनोळखीच असतो.