घरी शिकणारी मुले सरस ठरतात, हे सिद्ध झाले आहे का?

घरी शिकणारी मुले सार्वजनिक शाळांतील मुलांपेक्षा सरस असल्याचे संशोधनाने सिद्ध झाले आहे, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते आणि त्यासाठी बहुधा अमेरिकेतील शिक्षण-संशोधक लॉरेन्स रुडनर यांच्या १९९८ च्या पाहणीचा दाखला दिला जातो. त्या पाहणीतील २०,७६० विद्यार्थ्यांचे गुण राष्ट्रीय सरासरीपेक्षा बरेच वर होते, हे खरेच आहे. मात्र ते सर्व एकाच चाचणी-सेवेकडे स्वतःहून गेलेल्या कुटुंबांतील होते, आणि त्यांच्या पालकांचे शिक्षण व उत्पन्नही सरासरीहून अधिक होते. अशा घरांतील मुले सहसा कोणत्याही शाळेत चांगले गुण मिळवतात. त्यामुळे या यशाचे श्रेय शिकवण्याच्या पद्धतीला द्यायचे की घरच्या परिस्थितीला, हे या आकड्यांवरून ठरवता येत नाही. या पाहणीतून गृहशिक्षणाचे श्रेष्ठत्व सिद्ध होत नाही, असे खुद्द रुडनर यांनीच अहवालात बजावले होते. दाखला देणारे नेमके तेवढेच वगळतात. अर्थात, गृहशिक्षण कमी प्रतीचे आहे, असाही निष्कर्ष यातून निघत नाही. अमेरिकेतील अनेक राज्यांत घरी शिकणाऱ्या मुलांना चाचणीची सक्तीच नसल्याने सर्वांचे प्रतिनिधित्व करणारा नमुना मिळवणेच कठीण जाते.