थेंबभर द्रावण विरल करताना

स्टॉक, म्हणजे साठवणीचं घट्ट द्रावण, १० मिलिमोलरचं आहे (मोलर हे संहतीचं, म्हणजे द्रावण किती घट्ट आहे याचं एकक) आणि त्यापासून हजार पट विरल, १० मायक्रोमोलरचं, फक्त १०० मायक्रोलिटर द्रावण हवंय. गणित शाळकरी आहे. संहती आणि आकारमान यांचा गुणाकार विरल करण्याआधी जेवढा, तेवढाच नंतरही. उत्तर येतं : स्टॉक ०.१ मायक्रोलिटर, बाकी बफर, म्हणजे आम्लता स्थिर राखणारं द्रावण. वहीत हे उत्तर बरोबर आहे, पण त्यावर विसंबून पिपेट, म्हणजे द्रव मोजून ओढायचं साधन, हातात घेऊ नये.

एक मायक्रोलिटर म्हणजे एक घन मिलिमीटर. त्याचा गोल थेंब केला तर व्यास जेमतेम सव्वा मिलिमीटर भरेल. आपल्याला मोजायचाय त्याचाही दहावा हिस्सा. टिप, म्हणजे पिपेटच्या टोकाला बसवायची बारीक नळी, स्टॉकमध्ये जरा खोल बुडवली, तर तिच्या बाहेरच्या अंगाला चिकटून येणारं द्रावणच याहून जास्त असू शकतं. म्हणून टिप पृष्ठभागाखाली दोन-तीन मिलिमीटरच न्यायची आणि बाहेर काढताना ट्यूबच्या काठाला हलकेच टेकवायची.

आज सगळीकडे दिसणारं मायक्रोपिपेट हाइनरिश श्नित्गर यांनी जर्मनीतल्या मारबुर्गमध्ये १९५७ साली घडवलं. तोवर काचेच्या पिपेटमधून द्रावण चक्क तोंडाने ओढून घेत, आणि त्यात घातक द्रावणंही आली! नव्या पिपेटमध्ये दट्ट्या द्रावणाला शिवत नाही. मध्ये हवेचा लहानसा स्तंभ असतो आणि तो द्रावण वर ओढतो. मेख इथेच आहे. हातात बराच वेळ धरून पिपेट तापलं की ही हवा प्रसरण पावते आणि माप ढळतं.

पिपेटसाठीचं आयएसओ ८६५५ हे मानक १० मायक्रोलिटरच्या पिपेटला पूर्ण मापावर १.२ टक्के, म्हणजे ०.१२ मायक्रोलिटर इतकी पद्धतशीर, म्हणजे सतत एकाच बाजूला झुकणारी, चूक चालवून घेतं. त्याच पिपेटवर १ मायक्रोलिटर लावला आणि चूक तेवढीच राहिली, तर ती १२ टक्क्यांवर जाते. पिपेट बिघडलेलं नसतं, आपण त्याच्याकडून भलतं काम करून घेत असतो. माप पिपेटच्या पल्ल्याच्या वरच्या भागात पडेल, असं बघावं.

यातून वाट म्हणजे मधली पायरी. २ मायक्रोलिटर स्टॉक १९८ मायक्रोलिटर बफरमध्ये घातलं की ते शंभर पट विरल होतं. त्यातलं १० मायक्रोलिटर ९० मायक्रोलिटर बफरमध्ये घातलं की झालं हजार पट. स्टॉक थोडं जास्त खर्ची पडतं हे खरं, आणि महागड्या द्रावणाच्या बाबतीत ते जिवावर येतं. तरीही माझं मत मधल्या पायरीच्याच बाजूने आहे. संहतीचा भरवसा नसलेलं द्रावण वापरून केलेला प्रयोग त्या दोन मायक्रोलिटरपेक्षा कितीतरी महाग पडतो. अर्थात पायऱ्या वाढवत नेणं हाही उपाय नव्हे. प्रत्येक पायरीला संहती २ टक्क्यांनी जास्त येत गेली, तर सहाव्या पायरीअखेर ती सुमारे साडेबारा टक्के जास्त झालेली असते. शिवाय प्रत्येक पायरीला नवी टिप हवी, नाहीतर आधीचं घट्ट द्रावण पुढच्या ट्यूबमध्ये जातं.

मोजण्याइतकंच मिसळणंही महत्त्वाचं, आणि घाईत नेमकं तेच राहून जातं. एन्झाइमची द्रावणं बहुधा ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये ठेवलेली असतात. असा थेंब बफरमध्ये सोडून ट्यूब उजेडासमोर धरा : बारीक, थरथरती रेघ तळाकडे उतरताना दिसते आणि थेंब तिथेच बसून राहतो. वरून पुढचं माप घेतलं, तर हाती जवळपास नुसतं बफर येतं. म्हणून पिपेटनेच हळूहळू वर-खाली करून, फेस न आणता मिसळायचं. ग्लिसरॉलसारखं दाट द्रव टिपच्या आतल्या भिंतीलाही धरून राहतं. ते उलट्या पद्धतीने घेणं बरं : पिपेटच्या बटणाला दाबताना दोन थांबे लागतात; ते दुसऱ्या थांब्यापर्यंत दाबून द्रव ओढायचं, पहिल्या थांब्यापर्यंतच सोडायचं आणि टिपमध्ये उरेल ते टाकून द्यायचं.

आपलं पिपेट खरं बोलतंय का, हे तराजू सांगतो. २० अंश सेल्सियसला १० मायक्रोलिटर शुद्ध पाण्याचं वजन ९.९८ मिलिग्रॅम भरतं. दहा वेळा वजन करून सरासरी काढली की पिपेट कुठल्या बाजूला झुकतंय ते कळतं. फक्त हात चपळ हवा. एवढंसं पाणी उघड्यावर ठेवलं, तर आकडा डोळ्यांदेखत घसरू लागतो.