न्हावा शेवाचे कंटेनर आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड

२७ जून २०१७ रोजी नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील 'गेटवे टर्मिनल्स इंडिया' या कंटेनर टर्मिनलची संगणक यंत्रणा बंद पडली. हे टर्मिनल डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील एक कंपनी चालवत होती. कोणता कंटेनर आवारात कुठे ठेवला आहे, तो कोणत्या ट्रकवर चढवायचा आहे आणि कोणत्या जहाजाने जाणार आहे, हे सगळे संगणकातील नोंदींवर ठरत असल्यामुळे क्रेन धडधाकट असूनही काम खोळंबले. त्याच दिवशी रॉटरडॅम आणि लॉस एंजेलिस येथील मर्स्कच्या टर्मिनलांचीही हीच गत झाली. न्हावा शेवा हे हल्ल्याचे लक्ष्य नव्हतेच. घाव युक्रेनवर घातला होता आणि तो मर्स्कच्या जगभर पसरलेल्या नेटवर्कमधून उरणच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला.

'नॉटपेट्या' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या घातक प्रोग्रामचा प्रवास मला फार बोलका वाटतो. सुरक्षिततेचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा बहुधा 'कोणता अँटीव्हायरस चांगला' या प्रश्नाभोवती फिरते. माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: संगणकावर चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला ऑपरेटिंग सिस्टिम किती अधिकार देते, आणि आपण वापरकर्ते ते अधिकार किती सढळ हाताने वाटतो?

ऑपरेटिंग सिस्टिमचे काम फायली उघडणे आणि खिडक्या दाखवणे एवढेच नसते. तिचा गाभा म्हणजे कर्नल. आधुनिक प्रोसेसरमध्ये किमान दोन पातळ्यांची सोय असते: एका पातळीवर चालणाऱ्या आज्ञावलीला साऱ्या मेमरीला आणि उपकरणांना हात लावता येतो, तर दुसऱ्या पातळीवरच्या प्रोग्रामला फक्त त्याच्या वाट्याची मेमरी दिसते. कर्नल पहिल्या पातळीवर चालतो, आणि आपला ब्राउझर, हिशेबाचे सॉफ्टवेअर, गाणी वाजवणारा प्रोग्राम हे सारे दुसऱ्या पातळीवर चालतात. त्यांना डिस्कवर काही लिहायचे असेल किंवा नेटवर्कवर काही पाठवायचे असेल, तर कर्नलकडे विनंती करावी लागते, आणि हा प्रोग्राम कुणाच्या खात्यातून चालतो आहे व त्या खात्याला तेवढी परवानगी आहे का, हे पाहूनच कर्नल ती मान्य किंवा अमान्य करतो. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये सर्वाधिकारी 'रूट' खाते आणि साधी खाती हा भेद १९७०च्या दशकापासून आहे. विंडोजच्या घरगुती आवृत्त्यांत मात्र पहिले खाते अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचेच असण्याची प्रथा पडली, आणि विंडोज एक्सपीच्या काळात कोट्यवधी लोकांनी वर्षानुवर्षे सगळी कामे सर्वाधिकारी खात्यातूनच केली. विंडोज व्हिस्टा या पुढच्या आवृत्तीपासून परवानगी विचारणारी चौकट आली खरी, पण ती न वाचता 'यस' दाबण्याची सवयही तिच्यासोबतच रुजली.

आता नॉटपेट्याकडे वळू. युक्रेनमध्ये कर भरण्यासाठी 'एम.ई.डॉक' हे हिशेबाचे सॉफ्टवेअर अनेक कंपन्या वापरत असत. हल्लेखोरांनी ते बनवणाऱ्या कंपनीच्या अपडेट यंत्रणेतच शिरकाव केला, त्यामुळे ग्राहकांच्या संगणकांनी घातक आज्ञावली नेहमीचे अपडेट समजून आपणहून घेतली. सुरू होताच नॉटपेट्या आपल्याला कोणकोणते अधिकार मिळाले आहेत, हे सर्वप्रथम तपासत असे. साध्या खात्याचे अधिकार असतील, तर त्या वापरकर्त्याच्या फायलींचे नुकसान करता येई, आणि ते काही कमी नव्हे. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार असतील, तर मात्र तो डिस्कच्या सुरुवातीचा, संगणक सुरू करणारा भाग बदलून टाकी, संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होण्याची वेळ लावून ठेवी, आणि पुढच्या वेळी पडद्यावर डिस्क दुरुस्तीचा खोटा संदेश दाखवत फायलींची मूळ सूचीच कूटबद्ध करी, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करून टाकी. नंतर ३०० डॉलरची खंडणी मागितली जाई. मात्र पैसे भरणाऱ्याचा संगणक ओळखण्यासाठी म्हणून पडद्यावर दिसणारा ओळख क्रमांक निव्वळ यादृच्छिक अक्षरांचा बनलेला होता, त्यामुळे पैसे भरूनही कुणाची माहिती परत मिळणे शक्य नव्हते.

एका संगणकावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी त्याच्याकडे दोन वाटा होत्या. पहिली वाट विंडोजच्या जुन्या फाइल-देवाणघेवाण व्यवस्थेतील त्रुटीची होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेकडे, म्हणजे एनएसएकडे, या त्रुटीचा फायदा घेणारे 'इटर्नलब्लू' नावाचे हत्यार होते आणि एप्रिल २०१७ मध्ये 'शॅडो ब्रोकर्स' या गटाने ते जगजाहीर केले. ही त्रुटी थेट कर्नलमधली असल्यामुळे पासवर्ड न देताच दूरच्या संगणकावर सर्वोच्च अधिकार मिळत. मायक्रोसॉफ्टने तिच्यावरचे अपडेट १४ मार्च २०१७ रोजीच दिले होते. तरीही १२ मे रोजी 'वॉनाक्राय' हा खंडणी मागणारा घातक प्रोग्राम याच त्रुटीतून सुमारे १५० देशांत पसरला आणि ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. त्या वेळी सगळा दोष जुनाट विंडोज एक्सपीवर टाकला गेला, पण बाधित संगणकांपैकी बहुतेकांवर विंडोज ७ होते, ज्याला अपडेट मिळत होते. जवळजवळ दोन महिने ते उपलब्ध होते, ते बसवले गेले नव्हते, इतकेच.

दुसरी वाट अधिक विचार करायला लावणारी आहे, कारण ती अपडेट केलेल्या संगणकांवरही चालत असे. विंडोजमध्ये लॉगिन केलेल्या खात्यांची ओळख तपासणाऱ्या प्रोग्रामच्या मेमरीत पासवर्ड किंवा त्यांची समतुल्य माहिती राहत असे, आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे अधिकार मिळवलेल्या प्रोग्रामला ती मेमरी वाचता येई. मोठ्या कार्यालयात दुरुस्तीसाठी येणारा तंत्रज्ञ बहुधा एकाच सर्वाधिकारी खात्याने सगळ्या संगणकांवर लॉगिन करतो. असा एक पासवर्ड मेमरीत सापडला, की सोसायटीच्या रखवालदाराकडचा सगळ्या घरांच्या किल्ल्यांचा जुडगाच हाती लागल्यासारखे होते. नॉटपेट्या त्या पासवर्डने विंडोजच्याच अधिकृत दूरनियंत्रण सोयी वापरून पुढच्या संगणकात रीतसर प्रवेश करी. येथे कोणतीही त्रुटी फोडलेली नसे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या दृष्टीने अधिकार असलेल्या खात्याने केलेली ती वैध कृती असे.

नॉटपेट्या अपडेटमधूनच आला, मग अपडेट घ्यावेतच कशाला, असा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. तो रास्त आहे. माझे उत्तर असे की विश्वास ठेवावाच लागतो, पण तो मोजक्या ठिकाणी ठेवता येतो. वॉनाक्रायची झळ अपडेट न घेणाऱ्यांना बसली, आणि जगातील असंख्य स्वयंचलित प्रोग्राम दिवसरात्र अशाच त्रुटी शोधत असतात. अपडेटच्या मार्गाने हल्ला करणे त्या मानाने फार अवघड असते. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम आणि ब्राउझर यांचे अपडेट विनाविलंब घ्यावेत आणि संगणकावर अनावश्यक सॉफ्टवेअर ठेवूच नये, कारण प्रत्येक जादा सॉफ्टवेअर म्हणजे अपडेट पाठवू शकणारा आणखी एक अनोळखी पक्ष असतो.

विंडोजऐवजी लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टिम वापरल्याने हे सगळे प्रश्न सुटतात, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. मी स्वतः लिनक्सचा चाहता आहे. रोजचे काम साध्या खात्यातून करण्याची शिस्त आणि डिजिटल सही तपासूनच सॉफ्टवेअरची पॅकेज बसवणारी एकच व्यवस्था, या दोन गोष्टींचे मोल मोठे आहे. पण मार्च २०२४ मध्ये फायली लहान करणाऱ्या 'एक्सझेड' या लिनक्समधील सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या संचात चोरदरवाजा सापडला. 'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने दोनेक वर्षे प्रामाणिक भासणारे काम करून देखभालीचे अधिकार मिळवले होते. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनसाठी सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, हे खटकले आणि त्याने मुळाशी जाऊन शोध घेतला, म्हणून हा चोरदरवाजा स्थिर आवृत्त्यांत पोहोचण्याआधी उघड झाला. आज्ञावली खुली होती म्हणून असा शोध घेणे शक्य झाले, आणि तरीही येथे वाट काढली होती ती अधिकार देण्याच्या पद्धतीतूनच, हे लिनक्सप्रेमींनी मोकळ्या मनाने मान्य करायला हवे.

अधिकार-विभागणीचा हा विचार खऱ्या अर्थाने पुढे नेला तो मोबाइल फोनने. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅपला कर्नल स्वतंत्र वापरकर्ता मानतो, त्यामुळे खेळाच्या अ‍ॅपला बँकेच्या अ‍ॅपच्या फायली वाचता येत नाहीत. म्हणून तर फसवणूक करणाऱ्यांना वापरकर्त्याचीच मदत लागते. वाहनाच्या दंडाचे चलन किंवा लग्नाची पत्रिका म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइडचे अ‍ॅप बसवणारी फाइल, येते, ती बसवताच एसएमएस वाचण्याची किंवा 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'ची, म्हणजे पडद्यावरचे वाचण्याची आणि बटणे दाबण्याची, परवानगी मागते, आणि ती दिली की बँकेचा ओटीपी परस्पर तिसऱ्याच्या हाती पडतो. पत्रिकेला एसएमएस वाचण्याची गरज काय, एवढा प्रश्न त्या चौकटीपाशी पडला, तर कर्नलने उभारलेली भिंत शाबूत राहते. घरच्या संगणकावरही एक अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खाते बाजूला ठेवून रोजच्या कामासाठी साधे खाते तयार करायला फारसा वेळ लागत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला असल्यामुळे, ज्या जुन्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही, त्यांच्यावर लिनक्सची एखादी सोपी आवृत्ती बसवणे हा मला उत्तम पर्याय वाटतो.

राहिला प्रश्न बॅकअपचा. मर्स्ककडे वापरकर्त्यांची खाती आणि त्यांचे अधिकार यांची नोंद ठेवणारे सुमारे १५० सर्व्हर जगभर होते आणि ते एकमेकांशी सतत जुळवून घेत असल्यामुळे प्रत्येक सर्व्हर दुसऱ्याची प्रत होता. सगळेच एकाच वेळी नष्ट होतील, हे कुणी गृहीत धरले नव्हते. घानामधील एक सर्व्हर मात्र हल्ल्याच्या वेळी वीज गेल्यामुळे बंद होता, म्हणून वाचला, आणि त्याच्यातील नोंदींच्या आधारे कंपनीने अवघ्या दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे केले. क्लाउडशी आपोआप जुळणारा फोल्डर हाही त्या १५० सर्व्हरांसारखाच असतो: संगणकावरची फाइल बिघडली, की तिची बिघडलेली प्रतच वर जाते, आणि सेवेने जुन्या आवृत्त्या ठराविक काळ राखून ठेवल्या असतील तरच मूळ फाइल मिळते. म्हणून फोटो आणि कागदपत्रे यांची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी, काम झाले की ती डिस्क संगणकापासून काढून ठेवावी, आणि तिच्यावरून एखादी फाइल परत उघडता येते का, हे अधूनमधून तपासून पाहावे.